सांगून हात लावायचा

प्रभाताई गेल्याचा फोन वृद्धाश्रमाच्या सचिवांनी केला. मी सकाळचा चहा गाळत होते. "एकदम शांत गेल्या मॅडम. शेवटपर्यंत कोणाले तकलीफ नाई देल्ली," ते म्हणाले. त्यांच्या मनात चांगलंच असणार, पण मला ते वाक्य फार लागलं. जिची वाचा गेली, उजवं अंग गेलं, ती बाई कोणाला तकलीफ देणार आणि कशी? द्यायची तिची फार इच्छा होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे... आता काही आठवडे उलटले, तरी माझा राग उतरलेला नाही. दुःखाचं एक वेळ ठीक आहे, या वयात त्याची सवय होते. या रागाचं काय करायचं ते कळेना, म्हणून लिहायला बसले.

आमची ओळख पांढुर्ण्याची. त्या तिथल्या दवाखान्यात नर्स आणि मी शाळेत नवी मास्तरीण, दोघी एकाच गल्लीत भाड्याने राहत होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक झाली की जाम नदीच्या अलीकडची पांढुर्ण्याची आणि पलीकडची सावरगावची, अशी दोन्हीकडची फुटकी डोकी एकाच बाकावर येऊन बसत, आणि ताई दोन्ही गावांना सारख्याच शिव्या घालत टाके घालत. शिव्या थांबत त्या फक्त सुई टोचण्याआधी. "आता टोचतो बरं का भाऊ. दुखन थोडं." एकदा एक मिशीवाला ऐटीत म्हणाला, "दगड खाऊन आलो बाई, सुईचं काय सांगून राहिल्या?" तर म्हणाल्या, "दगड मारणारा तुहा दुश्मन होता. मी हाये का?" मिशीवाल्याने मुकाट डोकं पुढे केलं. या बाईचं सगळं शहाणपण त्या एका वाक्यात होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघी मागेपुढे सौसरला आलो. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भोपाळला एक भाचा, बाकी कोणी नाही. एकदा सहज वृद्धाश्रम बघायला म्हणून गेल्या आणि तिथल्या सेविका म्हाताऱ्या माणसांना कापसाच्या बोऱ्यासारखं उलटंपालटं करतात हे पाहून तिथेच अडकल्या. सेविकांचा तरी काय दोष? कोणी शिकवलंच नव्हतं. ज्या पोरीला घरी भांडी येतात, तिला माणूसही येईल, असा आपल्याकडे सगळ्यांचाच समज असतो. ताईंनी समितीच्या मागे लागून मागच्या अंगाची खोली मिळवली, तिच्यात एक हिरवी लोखंडी खाट टाकली आणि वर्ग सुरू केला. औषधांवरची नावं वाचायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी जरा जास्त बोलू लागले की त्या हसून म्हणत, "मास्तरीणबाई, इथं फळा नाई. खाट हाये."

त्या खाटेवर पहिला धडा व्हायचा. नव्या पोरीने आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. बाकीच्या भोवती उभ्या. आणि ताई काही न बोलता खालची चादर धरून तिला एकदम भिंतीकडे वळवायच्या. प्रत्येक पोर हमखास किंचाळायची आणि खाटेच्या कडेचा पाइप गच्च पकडायची. "काय वाटलं व?" "पडतो वाटलं ना ताई!" "तू धडधाकट हायेस तरी असं वाटलं. मग आजीले काय वाटत असन? तिले तं ओरडताही येत नाई." मग तेच पुन्हा, पण आधी खांद्याशी वाकून, हळू आवाजात, "आता डाव्या कुशीवर वळवतो बरं." या खेपेला पोरीचा हात पोटावर तसाच पडून राहायचा. "हाताकडे पाहा," त्या बाकीच्यांना सांगायच्या. "हात मोकळा राहिला म्हणजे तुमचं काम बरोबर झालं." बसवून भरवणं, जखमा होऊ न देणं, आडोसा धरून आंघोळ घालणं, हे सगळं नंतर. आधी सांगून हात लावायचा. किती पोरींनी तो पाइप पकडला असेल कोण जाणे, पण त्या जागेचा हिरवा रंग पार उडाला होता, आतलं लोखंड दिसायचं.

त्या पोरींत तिगावची वंदना सगळ्यात हुशार. पहिल्या दिवशी खाटेवर नुसती खिदळत होती, आणि वळवल्यावर रडली. तिच्यासारखा हात पुढे कोणाचाच बसला नाही. पण जी शिकली ती उडाली. नागपूरला अशा पोरींना फार मागणी, तिथे मोठ्या घरांतून त्यांना वाट पाहून नेतात. वंदनाही गेली. मी चरफडायचे, की आपण पेरायचं आणि नागपूरने कापायचं. ताईंना त्याचं काही वाटत नसे. "नागपूरच्या म्हाताऱ्यायले पाठ नसते का?" म्हणायच्या. आणि मग एखाद्या वेळी, दोरीवरच्या चादरी काढता काढता, "मी पडलो ना मास्तरीणबाई, तं माह्याच पोरी मले वळवतीन. मले कायची चिंता?" आयुष्यभराच्या कष्टांबद्दल त्यांनी एवढीच एक गोष्ट मागितली होती.

त्या पडल्या, पक्षाघाताने. भाच्याने येऊन आश्रमात ठेवलं, आणि समितीने त्यांचा मान राखला. मान राखला तो असा, की मागची खोली त्यांना दिली. सगळ्यात शांत खोली, खाटही त्यांचीच, हिरवी. आणि ताईंना आराम हवा म्हणून वर्ग बंद. नव्या आलेल्या पोरी अर्धवट शिकून घरी गेल्या. मी अध्यक्षांकडे जाऊन भांडले. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, ताईंच्या छातीवर वर्ग भरवू का? बऱ्या झाल्या की त्याच घेतीन ना." जामसावळीच्या हनुमानाचं तीर्थही त्यांनी स्वतः आणून दिलं. अशा चांगल्या माणसांशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

सेविका आता ठेकेदाराकडून येऊ लागल्या. त्यांतली एक रीना. पोर वाईट नव्हती, दमलेली होती. एका दुपारी माझ्यासमोर ती आली, मोबाईल कमरेला खोचला, आणि काही न बोलता ताईंना भिंतीकडे वळवलं. ताईंचा चांगला हात झपकन पाइपावर गेला, त्या रंग उडालेल्या जागेवर. बोटं पांढरी पडली होती. घशातून एक आवाज आला, आणि डोळे माझ्याकडे. मी रीनाला म्हटलं, "अगं, वळवायच्या आधी सांग त्यांना." "त्याईले कुठं समजते मॅडम? अन् येवढ्या खाटा हायेत, सगळ्याईशी बोलत बसलो तं कवा होईन?" तुला शिकवलं नाही का कोणी, विचारलं. "शिकवलं ना. व्हिडिओ दाखवला, फोटो काढला, सर्टिफिकेट देल्लं." मी तिला करून दाखवलं. काही दिवस ती बोलून हात लावायची, अगदी मनापासून. मग ठेकेदाराने तिला दुसरीकडे पाठवलं. तिच्या जागी दुसरी आली, मग तिसरी. मी प्रत्येकीला सांगत राहिले, आणि ताईंचा हात प्रत्येक वेळी पाइपावर जात राहिला. वंदनाचा नागपूरहून फोन यायचा, मी तो ताईंच्या कानाशी धरायचे. तिच्याकडची आजीही अंथरुणाला खिळलेली, सोडून निघता येत नव्हतं. "दिवाळीले येतो ताई," ती म्हणायची. शेवटच्या भेटीत मी ताईंना विचारलं, काही हवं आहे का. त्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर उघडले ते भिंतीकडे.

वंदना आली ती दिवाळीच्या आधीच, ताई गेल्याचं कळताच, बसने, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याच खोलीत शेवटच्या आंघोळीची तयारी चालली होती. पाणी ओतायला लागलेल्या बायकांना तिने बाजूला केलं, पदर खोचला, खांद्याशी वाकली आणि म्हणाली, "ताई, आता डाव्या कुशीवर वळवतो बरं." एक बाई कुजबुजली, "मेलेल्या माणसाले काय सांगून राहिली व?" वंदनाने मान वर केली नाही. "आता पाठीवर पाणी टाकतो ताई. कोमट हाये." सवयीने माझी नजर हाताकडे गेली. हात मोकळा होता. त्या खोलीत एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा. ताईंच्या पोरीने ताईंना वळवलं होतं, अगदी शिकवलं तसं... आणि मी भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडले. दहनानंतर वंदना लगेच परतली. तिची आजी वाट पाहत होती.

परवा आश्रमात गेले होते. खोलीत ताईंचा फोटो लावला आहे, आणि त्यांच्या आठवणीसाठी समितीने खाट रंगवून घेतली आहे, हिरवीच. वर्गाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. खाटेवर पिपळ्याकडच्या कोणी आजी आहेत, त्यांचीही वाचा गेलेली. मी बसले असतानाच एक नवी पोर आली, चादर धरून त्यांना मुकाट्याने वळवून गेली, आणि आजींचा हात पाइपावर गेला, त्याच जागी. रंग अजून नीट वाळला नव्हता. पोर गेल्यावर दिसलं, आजींची बोटं हिरवी झाली होती. रंग पुसावा म्हणून मी तो हात माझ्या हातात घेतला, तर आजी केवढ्या तरी दचकल्या. मीही सांगितलं नव्हतं.