गबदीचं वजन

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना इमारतीत सगळे तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे काटा. वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होते ते. उभी हयात दुकानादुकानांतून हिंडून लोकांचे काटे तपासले, खरे निघाले त्यांच्यावर शिक्के मारले, खोटे निघाले ते उचलून आणले. रिटायर होऊन वर्षं लोटली, पण सवय सुटेल तर शपथ! भाजी घ्यायला गेले की आधी खिशातलं पितळी वजन भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवणार आणि मगच पिशवी उघडणार. भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की चहाला निघून जातो. हाताचा अंदाज तर असा, की जिन्यात माझी पिशवी नुसती उचलून म्हणायचे, "ताई, कांदे पावशेर कमी दिलेत तुम्हाला." अस्सा राग यायचा मला! आता तीन जिने उतरून पावशेर कांद्यांसाठी भांडायला कोण जाणार?

मी घरीच शिलाई करते. चेन बदलणं, पँट आखूड करणं, फाटलेलं रफू करणं, असली कामं. उजेडासाठी मशीन दाराशी मांडलंय आणि दार दिवसभर उघडं असतं, त्यामुळे समोर काय चाललंय ते दिसतं. मला कुणाच्या घरात डोकवायची हौस नाही. दिसतं त्याला मी काय करू?

गबदी ही साहेबांची मांजर. करडी, गोल, गुबगुबीत, भलती शिष्ट. हे नाव काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं ठेवलेलं. काकू सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे गेल्या, विमानानं, सहा महिन्यांच्या बोलीवर. तिकडे जुळं झालं. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची चार झाली. काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही हं. इकडे त्यांच्या साखरेच्या डब्यावरसुद्धा साहेब वजनाची चिठ्ठी लावायचे, तिकडे त्यांना दोन नातवंडं मिळाली गळ्यात पडणारी. कोण परत येईल? अधूनमधून त्यांचा फोन यायचा, साहेब तो स्पीकरवर लावायचे. "जेवलात?" "हो." "गोळ्या घेता ना?" "हो." मग मागून पोरांचा गोंधळ ऐकू यायचा, आणि "ठेवते हं." झालं. समोर बसून काज करता करता मला सगळं ऐकू यायचं. फोन ठेवला की साहेब उरलेलं सगळं गबदीला सांगत बसायचे. नळाला पाणी कमी येतंय, वॉचमन बदलला, चष्म्याचा नंबर वाढला. ती ऐकायची असं नाही, पण उठूनही जायची नाही.

भेटेल तो माणूस साहेबांना एकच विचारायचा, "तुम्ही कधी जाताय मुलाकडे?" आणि त्यांचंही उत्तर ठरलेलं. "अहो, मुलगा सारखा बोलावतोय. पण हिला कुठे ठेवू? मांजर घर सोडून राहत नाही." समोरचा मान हलवायचा, गबदीचं कौतुक करायचा आणि आपल्या वाटेनं जायचा. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की झोपेत उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

एके दिवशी सकाळी साहेब टोपली घेऊन दारात उभे. म्हणाले, "ताई, हिच्यासाठी एक कायमचा डॉक्टर बघायचा आहे. आधीच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. टोपली धरायला येता का जरा?"

हातात काम होतं, पण नाही कसं म्हणायचं? गेले.

पहिला दवाखाना हमरस्त्यावरचा. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर कुत्र्यांचे हसरे फोटो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" साहेब म्हणाले, "गबदी." "आडनाव?" मला हसू आवरेना. मांजराला आडनाव! पण साहेबांनी स्वतःचं आडनाव सांगितलं आणि जरा ताठ होऊन बसले. मग मुलगी म्हणाली, आधी वजन करू. झालं! साहेबांनी खिशात हात घातला, पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं. किलोला वीस ग्रॅम जास्त दाखवत होता. साहेबांनी वजन उचललं, टोपली उचलली आणि निघाले. डॉक्टरांचं तोंडही न बघता आम्ही बाहेर! "ज्याला आपला काटा नीट ठेवता येत नाही, तो औषध काय नीट मोजणार?" म्हणाले. म्हटलं, बरं बाबा.

दुसरा दवाखाना बँकेच्या मागच्या गल्लीत. तिथला काटा बरोबर निघाला. मला हायसं वाटलं, म्हटलं सुटलो. गबदीला वर ठेवलं. चार किलोला थोडी कमी. साहेब त्या आकड्याकडे बघतच राहिले. एके काळी ती पाचाच्या वर होती हे मलाही माहीत होतं, कारण तेव्हा ते अभिमानानं जिन्यात सांगत सुटले होते. मग ते वाकले, काट्याखाली बघितलं आणि म्हणाले, "फरशीला उतार आहे. चला."

महिन्याभरानं तिसरा. तिथे त्यांनी फरशीवर पाण्याचा पेला ठेवून उतार बघितला. डॉक्टर आणि कंपाउंडर दोघंही तोंडाकडे बघतायत, मी ओशाळून पदराशी खेळतेय. फरशी सपाट, काटा बरोबर. गबदी आणखी खाली गेलेली. साहेबांनी मान वर केली. "पंखा चालू आहे. वाऱ्यानं फरक पडतो," म्हणाले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. तिथे काही बोलले नाही, पण आमच्या जिन्यात आल्यावर मला राहवेना. म्हटलं, "साहेब, पुरे झालं. काटे सगळे खरे आहेत. मांजर वाळत चाललीय तुमची! तुम्हाला काय तिचं वजन वाढवून देणारा काटा पाहिजे का?"

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं, आत गेले, दार लावून घेतलं. त्यानंतर त्यांचं दार बंदच. मी मशीनवर बसून समोर बघायची आणि स्वतःवरच चिडायची. बरं, मी खोटं बोलले नव्हते. पण खरं बोलून तरी काय मिळवलं? पाय ओढत आत हिंडल्याचा आवाज यायचा, भांडं ठेवल्याचा यायचा, गबदीशी बोलल्याचा येत नव्हता. त्याची मला भीती वाटायला लागली.

मग एका दुपारी साहेबांनी माझ्या उघड्या दाराची कडी वाजवली. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. शर्टाची इस्त्री मोडू न देणारा माणूस! "ताई, ती नुसतं पाणी पितेय. खात नाही काही. जवळचा कुठला दवाखाना?"

जवळचा म्हणजे सायकलच्या दुकानाला लागून होता तो. एका खोलीचा, पाटीचा रंग उडालेला. मी म्हटलं, "आहे एक. पण तिथे तुमचे नखरे चालायचे नाहीत."

"चला," म्हणाले.

आत तिशीतली डॉक्टरीण उभ्याउभ्या डबा खात होती. आम्हाला बघून झाकण लावलं, हात धुतले आणि म्हणाली, "ठेवा टेबलावर." साहेबांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. इकडे तिकडे बघितलं. म्हणाले, "काटा कुठे आहे?"

"दुरुस्तीला गेलाय. चुकीचं दाखवायला लागला होता."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? माझ्या लक्षात आलं. पाठवून दिला."

"स्वतःहून?"

ती वैतागली. "मग काय? चुकीच्या वजनावर डोस द्यायचा का मी?"

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं नोकरी केली, पण आपला काटा चुकतोय असं आपणहून सांगणारा माणूस त्यांना बहुधा भेटलाच नसावा. त्यांनी खिशातला हात बाहेर काढला, तो रिकामाच. मला तेव्हाच कळलं, दवाखाना ठरला.

तिनं गबदीचं तोंड उघडून बघितलं, पोट दाबलं, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसेना; अंगातलं पाणी आटलं होतं. मग म्हणाली, "हिला रोज कोण उचलतं?"

"मीच."

"मग अंदाजानं सांगा. किती भरेल?"

साहेबांनी गबदीला टेबलावरून उचललं. दोन्ही हातांवर घेतलं. खरं तर उचलायचीही गरज नव्हती, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच समजलं. "तीन किलो दोनशे," म्हणाले. "मागच्या महिन्यात साडेतीन होती. त्याच्या आधी चारला कमी. रोज कळतं मला, डॉक्टर. हाताला रोज कळतं."

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. त्यानं इतके दवाखाने पालथे घातले ते कुणीतरी आपल्या हाताला खोटं पाडावं म्हणून.

डॉक्टरणीनं रक्त काढलं. "तपासायला पाठवते, पण रिपोर्टात वेगळं काही येईल असं मला वाटत नाही. किडन्या गेल्यात हिच्या. वय झालंय. ही बरी व्हायची नाही, पण रोज कातडीखाली सलाईन दिलं तर उरलेले दिवस त्रास कमी होईल. रोज आणावं लागेल. मध्येच खंड पडून चालणार नाही. एवढ्यात कुठे गावाला वगैरे जायचंय का तुम्हाला?"

आता माझी जीभ! साहेबांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले. "अहो, मुलगा सारखा बोलावतोय त्यांना. पण हिला कुठे ठेवणार? म्हणून तर..."

"नाही," साहेब म्हणाले.

मी थांबले.

"मला कोणी बोलावत नाही, ताई." आवाज चढलेला नाही, रडवेला नाही. दुकानदाराला काटा किती खोटा आहे ते सांगत असावेत तसा. "पहिल्या वर्षी बोलावलं होतं. तेव्हा मला जायचं नव्हतं, मी मांजराचं कारण सांगितलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही. मी आपला सांगत राहिलो." मग डॉक्टरणीकडे वळून म्हणाले, "मी इथेच आहे. रोज आणीन."

तिला यातलं काय कळणार? ती "बरं, उद्यापासून रोज या" म्हणाली आणि सुई भरायला लागली. सलाईन देईपर्यंत साहेबांनी गबदीचं डोकं हातात धरून ठेवलं होतं आणि तिला काहीतरी सांगत होते. बऱ्याच दिवसांनी बोलत होते तिच्याशी. मी भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत उभी राहिले. इतकी वर्षं समोरासमोर दारं, आणि मला कधी शंकासुद्धा आली नाही. उलट मीही त्यांना येताजाता तेच विचारत आले होते.

परत येताना टोपली त्यांनी माझ्याकडे दिली नाही. खाली वॉचमन नवा, बोलका. त्यानं टोपलीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "काय साहेब, मुलाकडे कधी निघताय मग?"

साहेब म्हणाले, "हिला कुठे ठेवू?" आणि जिना चढायला लागले.

दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून थांबले. टोपली पायरीवर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, एक विचारू? ही गेल्यावर लोकांनी विचारलं, आता का जात नाही, तर काय सांगायचं?"

वाटेल तिथे तोंड घालणारी मी, खाली वाकून टोपलीतली गबदी नीट आहे ना ते बघत बसले. साहेब "बघू," म्हणाले आणि टोपली उचलली.