टेलरबाईंची किळस

टेलरबाईंना कशाकशाची किळस येत नसे, तेवढंच सांगितलेलं बरं. यादी लहान आहे. पाणी, साबण आणि कोरं पांढरं कापड. बाकी सगळ्या जगाकडे त्या नाक मुरडूनच बघत. लोक म्हणत, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. वेड कसलं? बाई हॉस्पिटलचे पांढरे कोट शिवत. पांढऱ्या कापडावर ज्याचं पोट, त्यानं घाणीशी सलोखा केला तर खायचं काय?

अशा बाईच्या घरात एक म्हातारी मोटारसायकल होती, आणि ती गळत होती.

कोट पोचवायचे ते तिच्यावरूनच. नवरा चालवी, बाई मागे गठ्ठा मांडीवर घेऊन बसत. इंजिनाच्या उजव्या बाजूला जे मोठं झाकण असतं, त्याच्या कडेतून तेल पाझरे. गाडी उभी असली की दारातल्या फरशीवर काळं डबकं, आणि पळायला लागली की वाऱ्यानं मागे शिंतोडे. नवऱ्यानं यावर उपाय काय केला, तर गाडीखाली पुठ्ठा टाकला. पुठ्ठा भिजला की दुसरा पुठ्ठा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

"अगं, जुनी गाडी आहे, थोडं गळायचंच," तो म्हणे. "गळतंय म्हणजे आत तेल आहे, एवढं तरी कळतं." हा विनोद तो गाडी गळायला लागल्यापासून करत होता आणि दर वेळी स्वतःच हसत होता.

गेल्या खेपेला एका कोटाच्या खिशाखाली मोहरीएवढा काळपट ठिपका निघाला. मेट्रननं तो कोट चिमटीत धरून उचलला, मेलेलं झुरळ उचलावं तसा. "बाई, पुन्हा एक जरी डाग दिसला, तर काम दुसरीकडे जाईल. सांगून ठेवते."

बाईंना राग यायला हवा होता. घर त्या कोटांवरच चालत होतं. पण त्या ठिपक्याची त्यांना स्वतःलाच इतकी शिसारी आली, की मेट्रनचं अक्षरन् अक्षर पटलं.

आता पुढचा गठ्ठा तयार होता आणि सोमवारी सकाळी द्यायचा होता. भाड्याच्या गाडीतून न्यावा, तर तसल्या गाडीची सीट बाईंनी एकदा पाहिली होती. गॅरेजवाला म्हणाला, तेल अडवायला झाकणाखाली बसतं ते पॅकिंग या मॉडेलचं आता येत नाही, गाडी विका. स्पेअर पार्टवाल्यानं पॅकिंगच्या जाड कागदाचा ताव पुढे सरकवला. "झाकणाच्या मापानं कापून घ्या."

कापायचंच आहे ना? मग बाईंना कुणाची गरज होती? पण नट-बोल्टांना होती, म्हणून रविवारी सकाळी धाकट्या दिराला बोलवावं लागलं.

दीर म्हणजे अति शहाणा. याआधी दोनतीनदा त्यानं ही गळती 'बंद' केली होती. झाकण न उघडता वरूनच ट्यूबमधला गोंद फासायचा, ही त्याची विद्या. थरावर थर चढून तो गोंद सर्दी झालेल्या पोराच्या ओठावर वाळावा तसा वाळला होता. काम झालं की हात पुसायला साहेबांना दाराचा पडदा.

"वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे," आल्या आल्या तो म्हणाला, आणि तेल काढायला न विचारता कपडे भिजवायचा टब घेऊन आला. बाईंनी तो टब त्याच क्षणी मनातून टाकून दिला.

तेल निघालं. काळं, जळकट वासाचं, शेंबडासारखं तार धरणारं. झाकण निघालं. जुनं पॅकिंग कडेला चिकटून चिंध्या झालेलं. बाईंनी श्वास रोखून ते पातीनं खरवडलं, दिराच्या गोंदासकट कागदावर घेतलं आणि तोंड फिरवून कचऱ्याच्या डब्यात लोटलं. मग हात धुतले, कागद पसरला, झाकण वर ठेवून खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली. काय सुरेख कापलं! बोल्टांची भोकं काजांसारखी नेमकी. झाकणाच्या कडेला आणखी एक बारीक भोक होतं, पण त्यात बोल्ट जात नव्हता. बटण नाही तिथे काज कशाला, म्हणून बाईंनी ते पाडलं नाही.

दिरानं पॅकिंग उजेडात धरलं. "वहिनी, जुन्यात इथे भोक होतं बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे असेल. नसेलही. तेलाची वाट असली तर बुजेल, इंजिन जळेल. राहू द्या, बसवून बघू."

"बसवून टाका रे, भूक लागली," नवरा आतून म्हणाला.

बाईंनी दिराच्या हातातून पॅकिंग काढून घेतलं. बाही बहुतेक बसेल, असं म्हणून त्यांनी आयुष्यात एक कपडा दिला नव्हता. नवा कपडा अंगाला बसेपर्यंत जुना फेकू नका, मला माप लागेल, हे तर त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. आणि स्वतः? घाण वाटली, म्हणून जुनं माप कचऱ्यात! त्यावर एव्हाना चहाचा चोथा पडला होता, अंड्यांची टरफलं पडली होती, आणि नवऱ्याच्या फणीतले केसही.

"भाऊजी, डब्यातून तेवढं काढून द्या."

"छे हो वहिनी! मी नाही घाणीत हात घालत."

पडद्याला तेल पुसणारा हा माणूस! बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला वर्तमानपत्रात एकाएकी फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं होतं.

मग बाईंनी बाही वर सारली आणि हात घातला. कोपरापर्यंत. दोनदा उमासा आला, दोन्ही वेळा गिळला. एकेक चिंधी वेचून फरशीवर ओळीनं मांडली. उसवलेल्या कॉलरचे तुकडे जुळवतात तशी कडेला कड लावली. टरफल चिकटलेल्या एका तुकड्यात ते भोक होतं. बारीक, गोल, मुद्दाम पाडलेलं.

"म्हटलं नव्हतं मी?" दीर म्हणाला.

"तुम्ही बहुतेक म्हणालात," बाई म्हणाल्या आणि नव्या पॅकिंगलाही त्याच जागी भोक पाडलं. "आता बोल्ट आवळा. आणि समोरासमोरचे आवळा, थोडेथोडे. एकीकडून ओढलं की कापडसुद्धा चुरगळतं."

नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं. बाईंनी पांढरं कात्रण झाकणाच्या कडेवरून फिरवलं. कोरं. नवऱ्याला गावाबाहेर फेरी मारायला पिटाळलं, आल्यावर पुन्हा फिरवलं. कोरं. दीर जेवून गेला आणि जाताना पडद्याला हात पुसून गेला.

बाईंच्या हातांचं काळं मात्र सुटेना. साबण झाला, कपड्यांची पावडर झाली, रॉकेल झालं. नखांच्या कडा आणि बोटांच्या रेषा काळ्या त्या काळ्याच. बाईंना स्वतःच्या हातांनी पाणी प्यायचंही जिवावर आलं. सोमवारी गठ्ठा नवऱ्यानं बांधला, तीनदा हात धुवायला लावून. बाई शेजारी उभ्या राहून ओरडत होत्या.

मेट्रननं एकेक कोट उलटून पालटून पाहिला. शेवटचा घडी करून ठेवला. "छान. एकही नाही." मग मान वर केली. "हात का मागे धरलेत?"

बाईंनी हात पुढे केले. मेट्रन खुर्चीसकट मागे सरकली. "अगं बाई! आणि या हातांनी माझं कापड कापणार?"

"उतरेपर्यंत नाही. कात्री लावायच्या आधी तुम्हाला दाखवून जाईन."

मेट्रननं क्षणभर हातांकडे पाहिलं, क्षणभर कोटांच्या चळतीकडे, आणि नव्या कापडाचा तागा टेबलावर ठेवला. बाईंनी बोटसुद्धा पुढे केलं नाही. नवऱ्यानं तो उचलून छातीशी धरला.

"अहो, लांब धरा!" बाई किंचाळल्या. "कालचाच शर्ट आहे तुमचा!"