चाकं माझ्या नातीकडे वळायची

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. नवी नवरी म्हणून वडप्याला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, भरदुपारी चिंचेखाली जाऊ नको. मी गेले, ओटीभर चिंचा आणल्या आणि वर सांगितलं, "भूत झोपलंय, घोरतंय!" सातवी पास होते, पण तोरा कलेक्टरीणबाईचा. आज ती नवरी भेटली तर थोबाडीत देईन.

तर गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलानं, प्रशांतनं, पिकअप उंच करून घेतली. मग त्या उंचीला जुनी चाकं बारकी दिसायला लागली म्हणे! धामणकर नाक्याजवळ सलीमभाईंच्या गॅरेजात मोठी चाकं बसवायची ठरलं. पूजेला मीही गेले. रुंद टायर वळताना घासत होते, म्हणून सलीमभाईंनी मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापलं. प्रशांतनं चार टायरांखाली चार लिंबं ठेवली आणि किल्ली आणायला आत गेला. एवढी रसरशीत लिंबं चिरडायची? मी चारही पिशवीत टाकली.

"मौसी, ये क्या? गाडी अभी चली भी नहीं!"

"सरबत करते सलीमभाई, तुम्हीपण या."

प्रशांतनं खाली बघितलंच नाही. घरी सरबत सगळ्यांनी प्यायलं. सहा वर्षांच्या माझ्या नातीनं, स्वरानं, तर दोन पेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणातून घर्रर्र... आवाज आला. रबर घासल्यासारखा. गाडी बंद, आत कोणी नाही, स्टीअरिंग लॉक — आणि पुढची चाकं झोपाळ्याकडे वळलेली. झोपाळ्यावर स्वरा. म्हटलं, प्रशांतनंच तशी लावली असेल. तिसऱ्या दिवशी ती आंब्याखाली भातुकली खेळत होती. घर्रर्र... चाकं आंब्याकडे.

"काढ ती चाकं," मी प्रशांतला म्हटलं. लिंबांचंही सांगून टाकलं.

तो भडकला. "म्हंजे पहिल्या दिवसापासून तूच आडवी आलीस! तुला माझं काय बघवतच न्हाय."

"माझं मरू दे, पोरीचं बघ!"

"तुला गाडीतलं काय समजतं? गप बस."

मी गप्प बसणारी नव्हे. किल्ली उचलली आणि पदराच्या गाठीत बांधली. चालव म्हटलं आता!

त्याच दुपारी स्वरा पायरीवर अबोली ओवत होती, मी मागे तांदूळ निवडत होते. आमच्या अंगणाचा उतार रस्त्याकडे. गाडी सुटलीच तर रस्त्यावर जायला हवी. ती चढावर, घराकडे आली. इंजिनाचा आवाज नाही, फक्त ती घरघर. मी पोरीची वेणी धरून तिला मागे ओढलं. पुढचं चाक पायरीवर चढलं, पायरीचा दगड फुटला, आणि गाडी थांबली.

प्रशांत आणि सून स्नेहल धावत बाहेर आले.

"किल्ली कुठंय?"

मी गाठ सोडून दाखवली. तो किल्लीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"म्हंजे तूच."

"अरे मेल्या, मला सायकल येत न्हाय!"

"किल्ली कोणाकडं होती, आई?"

स्नेहलनं पोरीला उचललं, आत नेलं आणि कडी घातली.

सलीमभाईंनी ब्रेक, गिअर, स्टीअरिंग सगळं उघडून बघितलं. कुठेच दोष नाही. गाडीत दोष नाही म्हटल्यावर उरले मीच! स्नेहल पोरीला घेऊन गणेशपुरीला माहेरी गेली, ती अजून तिथेच आहे. प्रशांत माझ्याशी बोलत नाही. चाकंही काढत नाही, कारण काढली तर मी खरी ठरेन.

बंद गाडी चढावर कशी आली, मला आजही माहीत नाही. पण परवा स्वराचा फोन आला. हळूच विचारलं तिनं, "आजी, तू माझ्या अंगावर गाडी का घातलीस?"

तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचत असेल तर लिहा.