खोळीची शेपटी

छोट्या विमानतळामागच्या शेडमध्ये मास्तरांचं शिलाई मशीन होतं. विमानांच्या खुर्च्या, पट्टे, पडदे, जे उसवेल ते त्यांच्याकडे यायचं. कामाच्या बाबतीत माणूस नाकावर माशी बसू देणार नाही असा. लोंबता दोरा दिसला की त्यांना राहवायचं नाही. बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचा दोरासुद्धा ते तोडायचे, मग समोर साहेब का असेना. त्यांच्या मापात पाप नाही, असं सगळे म्हणायचे आणि मास्तरांना ते ऐकायला आवडायचं.

विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. तिच्यात वारा शिरतो, त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. उभ्या विमानाच्या नळीत गांधीलमाशा घर करतात, म्हणून तिच्यावर कापडी खोळ चढवतात आणि उड्डाणाआधी काढतात. जुनी खोळ विरली, तेव्हा मेकॅनिक ती नमुन्याला घेऊन आला. खोळीला हातभर लांब लाल पट्टी होती, वाऱ्याने चिंध्या झालेली. मास्तरांनी करड्या कॅनव्हासच्या नव्या खोळी शिवल्या, घट्ट, सुबक, मोज्यासारख्या. पट्टी गाळून टाकली.

मेकॅनिकने खोळ उलटसुलट करून पाहिली. शेपटी कुठे गेली, म्हणून विचारलं. मास्तर हसले. असलं गबाळं लोंबतं ठेवायला आपण काय भंगारवाले आहोत, असं काहीतरी म्हणाले. वयाने आणि मानाने मोठा माणूस. मेकॅनिकही हसला आणि खोळी घेऊन गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळचं विमान पडलं. रोज कामावर जाणारी माणसं त्यात होती. विमान वर गेलं आणि वैमानिकाला दिसलं की वेगाचा काटा मेल्यासारखा पडून आहे. तो अंदाजाने वळून परत येत होता, वेग फार कमी झाला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळलं. वैमानिक गेला. रोज पुढच्या खुर्चीवर बसणारी शाळेतली बाई गेली. बाकीचे हातपाय मोडून वाचले. करडी खोळ करड्या पंखाखाली नळीवर तशीच होती.

चौकशीत कारणं एकातून एक निघत गेली. त्या सकाळी निघायला उशीर झाल्यामुळे घाई होती. वैमानिकाने विमानाभोवती फिरून पाहायचं, ते राहिलं. धावताना काटा हलतो का बघायचं, तेही राहिलं. पण गेलेल्या माणसाला कोण बोलणार? सगळं खापर मेकॅनिकवर फुटलं. खोळ काढायचं काम त्याचं. त्याला कामावरून काढलं. तो घरी नुसता बसून असायचा आणि बायकोला विचारायचा, मला दिसलं कसं नाही गं?

मास्तरांना माहीत होतं, का दिसलं नाही ते. इतकी वर्षं मेकॅनिक पंखाखाली लाल काही हलतंय का, एवढंच बघत आला होता. मास्तर भरलं ताट सारून उठायला लागले. मास्तरीणबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "तुमचं नाव कोणी घेतलेलं नाही. आपणहून कशाला हात दाखवून अवलक्षण?"

शेवटी चौकशीवाल्यांनी खोळ कोणी शिवली म्हणून त्यांना बोलावलं. टेबलावर ती पडली होती, मातीने भरलेली, पण एक टाका उसवला नव्हता. अधिकाऱ्याने विचारलं, लाल पट्टी का नाही? मास्तरांनी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यात बसलेला मेकॅनिक म्हणाला, "मीच नको म्हणून सांगितलं होतं. मास्तरांचा काही दोष नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. बुडता माणूस त्यांना काठावर ढकलत होता. गप्प राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्यांना लाज वाटली.

"खोटं बोलतोय तो," मास्तर म्हणाले. "पट्टी कुठे म्हणून त्याने विचारलं होतं. मी त्याला हसलो."

मेकॅनिकला ताकीद देऊन परत घेतलं. मास्तरांचं काम सुटलं. जायच्या आधी त्यांनी सगळ्या खोळी लाल कापडात नव्याने शिवल्या, एकेकीला हातभर शेपटी. एकीचा दोरा निघाला होता. सवयीने हात कात्रीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला.

मशीन टेम्पोत चढवल्यावर ते फाटकाशी थांबले. पलीकडे, बऱ्याच लांब, मेकॅनिक विमानाच्या पंखाखाली खोळ चढवत होता. मास्तरांचे डोळे वयाने अधू झाले होते. त्यांनी हाक मारून विचारलं, "दिसते का रे?"

मेकॅनिक पंखाखालून निघून बरीच पावलं मागे आला आणि त्याने वळून खोळीकडे पाहिलं.

"दिसते, मास्तर," तो म्हणाला. "कुठूनही दिसते."