कर्नाळ्याचा पहारेकरी

मुलांसाठी कॉमिक काढायचं ठरवलं, तेव्हाच त्यातला खलनायक कोण ते पक्कं होतं. माझे शाळेतले मराठीचे सर. चष्मा कपाळावर, हातात डस्टर, अगदी हुबेहूब काढले.

कोन गावाहून मी पनवेलच्या शाळेत आले होते. सरांनी विचारलं, "गृहपाठ केलास?" मी म्हटलं, "नाय केला." सर म्हणाले, "ऐकू नाही आलं. परत म्हण." मी परत "नाय." वर्ग खिदळत होता, आणि "नाही" म्हणेपर्यंत त्यांनी मला खाली बसू दिलं नाही. वर्षभर हाच खेळ. शेवटी घरीसुद्धा माझ्या तोंडून "नाही" यायला लागलं. आई म्हणाली, "आता तू आमच्यातली नाय रायलीस." ती हसत म्हणाली, पण मला ते लागलं. सरांवरचा तो राग मी आजतागायत शिळा होऊ दिला नाही.

तर कॉमिकमध्ये उलव्यातल्या एका टॉवरची लिफ्ट बिघडते आणि मुलांना, सोबत सरांनाही, थेट जुन्या काळातल्या कर्नाळा किल्ल्यावर नेऊन सोडते. दरवाजावरचा पहारेकरी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "तू चोर हाय का?" मुलं "नाय" म्हणतात आणि आत जातात. सर म्हणतात, "नाही." दरवाजा बंद. पुढची कितीतरी पानं सर "नाही, नाही" करत उन्हात उभे. माकडं त्यांचं डस्टर पळवतात. ती पानं रंगवताना मला फार मजा आली.

पनवेलच्या वाचनालयात या कॉमिकचं वाचन ठेवलं होतं. पाहते तर पहिल्याच रांगेत सर, नातीला घेऊन आलेले. चांगलेच थकले होते. दया यायला हवी होती, पण आली नाही. मुलांना पात्रं वाटून देताना सरांच्या पात्राचं पान मी त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओळखलं त्यांनी.

पहारेकरी झाली होती त्यांची नात. "तू चोर हाय का?" ती ओरडली.

सर म्हणाले, "नाही." मुलं हसली. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही."

"आजोबा, नाय म्हणा ना! नाहीतर तुम्ही बाहेरच राहाल." ती रडकुंडीला आली होती.

सर मान खाली घालून पुटपुटले, "नाय."

दरवाजा उघडायला नात आडवे धरलेले हात खाली घेऊ लागली. मी तिला थांबवलं.

"सर," मी म्हटलं, "ऐकू नाय आलं. परत म्हणा."