पंगतीची क्लिप

माजिवड्याजवळ लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणाऱ्या एका स्टुडिओत मी कामाला होते. नव्वदीची शेवटची वर्षं. नुकताच कॉम्प्युटर आलेला आणि त्याने माझा जीव नकोसा केलेला. एखादी क्लिप शोधायला नाव टाइप करावं, तर पडद्यावर ते मेलं वाळूचं घड्याळ. चहा यायचा, संपायचा, घड्याळ आपलं तिथेच. कारण जुनी लग्नं आम्ही पुसत नव्हतो. गिऱ्हाईक कधीही उगवायचं, "आमच्या आत्या राहिल्या हो, त्यांना घाला." मी मालकांच्या मागे रोज कटकट लावलेली, दादा, याचं काहीतरी करा.

माझ्या चुलतबहिणीचं लग्नही आमच्याच स्टुडिओने शूट केलेलं. त्यात बाबा स्टेजवर कुठेच नाहीत. डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये ते जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीत फिरत होते. आग्रह करणं हे त्यांचं खातं. "अहो, एक घ्या, माझ्यासाठी घ्या." पण तयार कॅसेटमध्ये पंगतीवर गाणं टाकायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. भांड्यांचा खणखणाट कोण ऐकणार? तेव्हा कॅसेटमध्ये बाबांचे नुसते ओठ हलतात.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत बाबा हार्टने गेले. तेराव्यापर्यंत मी घरीच होते. आईला फोटो नको होता. "फोटो बोलत नाही गं. मला त्यांचा आवाज ऐकायचाय." मी म्हटलं, आई, आवाज आहे, पंगतीची मूळ क्लिप मशीनमध्ये आहे, गाण्याशिवायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट जेवली.

कामावर गेले तर दादा दारातच उभे.

"तू नव्हतीस तेव्हा मशीन एकदम फास्ट करून ठेवलंय. तुझी कटकटच मिटवली."

"काय केलंत?"

"कॅसेट देऊन झालेल्या लग्नांच्या पंगती उडवल्या सगळ्या. पंगतीसाठी कोण परत येतं?"

मी बसले आणि नाव टाइप केलं. घड्याळ आलंच नाही. बटण दाबायचा अवकाश, उत्तर हजर, काही सापडलं नाही. स्पेलिंग बदलून परत केलं. तितक्याच झटपट तेच उत्तर. मूळ टेपवर तर कधीच दुसरं लग्न शूट झालेलं. दादांवर ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांनी ते माझ्यासाठीच केलेलं. मी तिथेच बसून रडले आणि ते बिचारे काय झालं ते न कळून पाण्याचा ग्लास धरून उभे राहिले.

घरी आले तर चपला काढायच्या आधीच आईची नजर माझ्या पिशवीवर. मी सगळं सांगितलं. तिने कॅसेट लावली. पंगत आली. बाबा वाकून कोणाला तरी काहीतरी म्हणाले. वर गाणं चालू.

"हे गाणं काढता येत नाही?"

"नाही गं. एकदा मिसळलं की नाही निघत."

"टाकलं कोणी?"

"मीच."

तिने टीव्ही बंद केला आणि माझं ताट वाढलं. स्वतःचं घेतलं नाही. बाबांनी तिला आग्रह करून बसवलं असतं. मला ते कधी जमलंच नाही.