कुर्त्यातली टाचणी

घोरावाडी स्टेशनाजवळ बदरुन्निसामावशीचं शिवणाचं दुकान आहे. बाई तोंडाची भलती फटकळ, पण लेकीचा विषय निघाला की लोण्यासारखी मऊ. लेक रुखसार पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. "करती काय गं ती तितं?" असं कुणी विचारायचा अवकाश, मावशी कात्री खाली ठेवून ऐटीत सुरू करते, "आपल्या अंगात एन्झाइम असत्यात. त्यातल्या काहींच्या पोटात जस्ताचा कण असतो. त्या कणाला कोण कोण बिलगून बसलंय, ते माझी रुखसार बघती. येवढुशा नळीत त्या एन्झाइमची पावडर भरायची, दांडग्या चुंबकात गरागरा फिरवायची, की अणूच आपला पत्ता सांगत्यात!"

त्या चुंबकाजवळ लोखंड न्यायचं नाही, एवढं मावशीला पाठ होतं. म्हणून तर यंत्रावर रुखसारची पाळी होती त्या सकाळी तिनं तावीज त्याच्या लोखंडी डबीतून काढला, कापडात गुंडाळला आणि लेकीच्या नकळत कुर्त्याच्या बाहीत शिवून टाकला. पण बाही दुमडून धरायला लावलेली टाचणी घाईत तशीच राहिली की हो!

दुपारी फोन आला. "अम्मी, माझ्या बाहीतून टाचणी उडाली आणि थेट चुंबकाच्या पोटात शिरली. सगळे सिग्नल बिघडलेत. यंत्र थांबवलंय. नळीत अडकलंय तेवढंच एन्झाइम उरलंय गं, ते खराब झालं तर वर्षभराची मेहनत गेली..."

मावशीनं हातातलं शिवण तसंच टाकलं. दुकानाला कुलूप लावलं आणि आपल्याच हातानं पोरीचं वाटोळं केलं म्हणून स्वतःला शिव्या घालत ती फलाटावर जाऊन बसली.

संध्याकाळच्या गाडीतून रुखसार उतरली. "निघाली बाई टाचणी. एन्झाइम शाबूत आहे. जस्ताचे शेजारी चांगले ठळक दिसले!"

"आन् सायेब? लय बोलले असतील."

"बोलले. टाचणी माझीच म्हणून सांगितलं."

मावशीनं लेकीचा हात ओढला. "आण इकडं ती बाही. तावीज काढून टाकते. तुझा कुटं इस्वास हाय त्याच्यावर!"

रुखसारनं बाही घट्ट धरली. "राहू दे तो, दुपारीच लागला हाताला. तुझ्या दुवेवर विश्वास आहे, अम्मी. तुझ्या शिवणावर नाही!"

मावशीच्या शिवणाला नावं ठेवायची घोरावाडीत आजवर कुणाची टाप नव्हती. आज पोटच्या पोरीनं ती भर फलाटावर ठेवली, आणि मावशी पदरानं डोळे पुसत खदाखदा हसत सुटली.